इलेक्ट्रोस्टॅटिक गन हातात घेण्याआधी: बूथमध्ये आग लागू नये म्हणून

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीच्या (सरकारी औद्योगिक वसाहतीच्या) आतल्या रस्त्यांनी दुपारी चालत गेलात तर कितीतरी शेडमधून मोठ्या पंख्याची घरघर ऐकू येते आणि थिनरचा वास नाकात शिरतो. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, स्विचगिअर बनवणारे भरपूर, आणि पत्र्याच्या प्रत्येक पेटीला शेवटी रंग लागतोच. तरसाली, मांजलपूर, बाबाजीपुरा, दांडिया बाजार इथली आपली मराठी मुलं आयटीआय करून या कामाला लागतात. पहिल्या दिवशी त्यांना इलेक्ट्रोस्टॅटिक गन, म्हणजे विजेचा चार्ज देऊन रंग फवारणारी गन, कशी धरायची, हात कसा फिरवायचा, रंगाचा थर किती जाड हवा हे दाखवलं जातं. आग कशी लागते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत असतं आणि ऑफिसच्या कपाटात पडून असतं.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढलं, तेव्हा कारागिराला त्याचा हुन्नर देशी भाषेतून शिकता यावा हा विचार त्यामागे होता. त्या शहरात रंगाऱ्याला आपल्या जिवाची काळजी कशी घ्यायची हे परभाषेत शोधावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून बूथमध्ये, म्हणजे वाफ ओढणारा पंखा लावलेल्या रंगकामाच्या जागेत, अनेक वर्षं काढल्यावर जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. पातळ रंग आणि पावडर (फवारून मग ओव्हनमध्ये भाजायची कोरडी रंगपूड) या दोन्हींसाठी बहुतेक गोष्टी सारख्याच आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं सांगेन.

आधी गन काय करते ते समजून घ्या

गनच्या टोकाशी सुईसारखा बारीक इलेक्ट्रोड असतो. त्यावर साधारण ४० हजारांपासून १ लाख व्होल्टपर्यंत दाब दिलेला असतो. करंट मात्र अगदी थोडा, मायक्रोअँपमध्ये मोजावा इतका. त्यामुळे ‘एवढे व्होल्ट असून माणूस मरत नाही, मग भीती कसली’ असं सगळ्यांना वाटतं. इथेच चूक होते. या विजेचा खरा धोका अंगाला बसणाऱ्या झटक्याचा नाही, ठिणगीचा आहे.

रंगाचे कण चार्ज घेऊन निघतात आणि जमिनीशी जोडलेल्या जॉबकडे, म्हणजे रंगवायच्या वस्तूकडे, ओढले जातात. पाइपच्या मागच्या बाजूलाही रंग चढतो तो यामुळेच, आणि रंग वाचतो म्हणून तर मालक ही गन घेतात. पण हा चार्ज फक्त जॉबवर जाऊन बसत नाही. आसपासच्या प्रत्येक वस्तूवर तो थोडा थोडा बसत राहतो: बादलीवर, शिडीवर, तुमच्या मदतनिसावर. वस्तू जमिनीशी जोडलेली असेल तर चार्ज वाहून जातो आणि कोणाला काही कळतही नाही. ती सुटी असेल तर थेंबे थेंबे तळे साचे. मग कोणीतरी तिच्याजवळ हात नेतो आणि साचलेलं सगळं एका क्षणात ठिणगी होऊन उडी मारतं.

ही ठिणगी किती मोठी असते? जमिनीशी संबंध तुटलेला माणूस गनजवळ उभा राहिला तर त्याच्या अंगावर १० हजार व्होल्ट सहज चढतात. तेवढ्यात त्याच्या शरीरात साधारण ७ ते ८ मिलिज्यूल ऊर्जा साठते. टोल्युइनची वाफ आणि हवा यांचं योग्य मिश्रण पेटायला पाव मिलिज्यूलही पुरते. म्हणजे गरजेच्या सुमारे ३० पट ऊर्जा घेऊन माणूस बूथमध्ये वावरत असतो, आणि त्याला जाणवतं काय, तर बोटाला बसलेला बारीकसा चटका.

म्हणून एक गोष्ट आजच पक्की करा. काम करताना कुठेही, कितीही हलका झटका बसला तरी ट्रिगर सोडा, हाय व्होल्टेज बंद करा आणि कोणती वस्तू सुटी आहे ते शोधा. ती सापडेपर्यंत काम सुरू करू नका. आपल्याकडे अशा वेळी शेजारचा हसून म्हणतो, ‘कंई नहीं थाय’ (काही होणार नाही). त्याला काही झालेलं नाही, कारण त्या क्षणी त्या जागी वाफ पुरेशी साठलेली नव्हती, एवढंच.

पहिली पायरी: डब्यावर काय लिहिलं आहे ते वाचा

प्रत्येक थिनरचा एक फ्लॅश पॉइंट असतो. त्या तापमानाच्या वर द्रवातून इतकी वाफ निघते की ठिणगी मिळताच ती पेटते. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंशांच्या आसपास, टोल्युइनचा ४ अंश, ब्युटाइल ॲसिटेटचा २२ आणि झायलीनचा सुमारे २७ अंश सेल्सिअस. दुकानात ‘एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर’ म्हणून मिळणाऱ्या डब्यात यांतलीच काही मिसळलेली असतात.

आता आपल्या बडोद्याचा मे महिना आठवा. बाहेर ४२ अंश, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. परदेशी नियमांमध्ये साफसफाईसाठी ३८ अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेलं सॉल्व्हंट वापरा असं सांगितलेलं असतं. थंड देशात त्यामुळे मोठा आधार मिळतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी तो आधार उरत नाही. ज्याला आपण ‘जड’ आणि सुरक्षित समजतो ते एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) सुद्धा त्या उष्णतेत पेटण्याजोगी वाफ देऊ शकतं. म्हणून एप्रिल ते जून गन धुणं, डबे ओतणं ही कामं सकाळी लवकर उरका.

थंडीतला धोका वेगळा. उत्तरायणाच्या दिवसांत हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत चार्ज जास्त वेळ टिकतो. त्यात मुलं पॉलिस्टरची जाकिटं घालून येतात.

या वाफा हवेपेक्षा जड असतात. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत दाराबाहेर, गटारात, शेजारच्या शेडमध्ये जाते. आमच्या शेडबाहेर चहाची लारी (हातगाडी) उभी राहायची, बूथच्या दारापासून वीस पावलांवर. तिला सरकवायला आम्हाला फार उशीर झाला. तुमच्या दारात अशी लारी, वेल्डिंगचं काम किंवा बिडी ओढायची जागा असेल तर पहिल्याच दिवशी सुपरवायझरला दाखवा.

दुसरी पायरी: पंखा

एक हिशेब लक्षात ठेवा. एक लिटर टोल्युइनची सगळी वाफ झाली तर ती सुमारे २० घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. म्हणजे ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि डोक्यावर जरा छत असलेली एक अख्खी खोली. बूथमध्ये वाफेचं प्रमाण त्या पेटण्याच्या किमान मर्यादेच्या पाव हिश्श्याखाली ठेवायचं असतं, त्यामुळे लिटरमागे निदान ८५ घनमीटर ताजी हवा लागते.

हाताने गन चालवायच्या उघड्या तोंडाच्या बूथमध्ये तोंडापाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असावा. मोजायचं यंत्र नसेल तर सुपरवायझरकडे मागा. ते फार महाग नसतं. फिल्टर तुंबले की पंखा तसाच घरघरतो पण हवा ओढत नाही, आणि कानाला फरक कळत नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबाचा फरक दाखवणारा गेज असेल तर सकाळी त्यावर नजर टाकायची सवय लावा.

पंखा आणि हाय व्होल्टेज यांच्यात इंटरलॉक असलाच पाहिजे. पंखा थांबला तर व्होल्टेज आपोआप तुटायला हवं. वीज गेली, परत आली आणि पंखा सुरू न होता गन मात्र सुरू झाली, असं कधीच होता कामा नये. महिन्यातून एकदा, रंगाची आणि हवेची लाइन बंद ठेवून, पंखा मुद्दाम थांबवा आणि गनचा दिवा विझतो का ते पाहा. मी काही ठिकाणी हा इंटरलॉक तार मारून कायमचा ‘चालू’ केलेला पाहिला आहे. तसं दिसलं तर काम करायला नकार द्या. तुम्हाला नोकरीवरून काढतील अशी भीती वाटेल, मला कळतं. पण हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

मोटर आणि दिवे फ्लेमप्रूफ, आपल्या भाषेत एफएलपी, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारे असायला हवेत. बूथमध्ये हॅलोजन लावून, साधा टेबलफॅन ठेवून किंवा मोबाइलचा टॉर्च पेटवून काम करू नका. मोबाइल बाहेर ठेवूनच आत या.

तिसरी पायरी: जॉब आणि हूक

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बूथमधल्या आगींचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे.

जॉब हुकावर टांगलेला, हूक कन्व्हेयरच्या साखळीवर, साखळी लोखंडी चौकटीवर, चौकट अर्थिंगच्या पट्टीला. कागदावर ही वाट अखंड दिसते. पण हुकावर रोज रंग उडतो. आठवड्याभरात त्यावर थर चढतो, पावडरचा असेल तर तो १८० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजून दगडासारखा होतो. तो थर विजेसाठी रबरासारखा. जॉब लटकलेला दिसतो, पण जमिनीशी त्याचं नातं तुटलेलं असतं. मग पन्नास किलोची पत्र्याची पेटी भरलेल्या हंड्यासारखी चार्ज साठवत राहते आणि गन किंवा शेजारचा जॉब जवळ आला की ठिणगी टाकते.

याची खूण आगीआधीच दिसते. रंग नीट चढत नाही, मागच्या बाजूला वळत नाही, उलट तुमच्याच अंगावर उडतो. नवी मुलं तेव्हा व्होल्टेज वाढवतात. कृपा करून तसं करू नका. रंग चढत नसेल तर आधी हूक पाहा.

मोजायचं असं. गनचं व्होल्टेज बंद, फवारणी बंद, थिनरचे डबे बाहेर, पंखा मात्र चालू. ५०० व्होल्टचा मेगर (विजेच्या वाटेतला अडथळा मोजायचं यंत्र) घ्या. त्याचं एक टोक जॉबच्या उघड्या धातूला लावा, दुसरं अर्थिंगच्या मुख्य पट्टीला. रीडिंग १ मेगओहमच्या आत यायला हवं. अमेरिकेच्या एनएफपीए ३३ या फवारणीतल्या अग्निसुरक्षेच्या प्रमाणकात हीच मर्यादा आहे. साधा मल्टीमीटर या कामाचा नाही, त्याचा दाब इतका कमी असतो की रंगाच्या थरातून खरं चित्र कळत नाही. आणि मेगर स्वतःही ठिणगी टाकू शकतो, म्हणून वाफ किंवा पावडर हवेत असताना तो कधीही वापरू नका.

एकच जॉब तपासून समाधान मानू नका. सगळ्यात जुना, सगळ्यात रंगलेला हूक निवडा आणि त्यावर मोजा. एकाखाली एक असे दोन-तीन जॉब लटकवत असाल तर सगळ्यात खालच्यावर मोजा, कारण प्रत्येक जोडाला थोडा अडथळा वाढतो.

हूक कसे असावेत? जिथे जॉब टेकतो ती जागा धारदार असावी, व्ही आकाराची किंवा सुरीच्या पात्यासारखी, म्हणजे जॉबच्या वजनाने ती रंगाचा पातळ थर कापून धातूपर्यंत पोचते. गोल सळईचे हूक लवकर दगा देतात. हूक नियमित साफ करायला पाठवा, निदान दोन संच ठेवा: एक वापरात, एक साफ होत असलेला. शेडच्या मागे उघड्यावर रॉकेल ओतून हूक जाळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बूथच्या एवढ्या जवळ आग पेटवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल थोडं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून लोक खड्ड्यात पाणी घालतात. मोटरच्या आणि पॅनेलच्या सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे, घाला. पण खड्ड्यात पाणी घातलं म्हणजे बूथ सुरक्षित झाला असं समजू नका. वाट जवळजवळ नेहमी वर, हुकाशी तुटलेली असते. आणि कोणी गनच्या पॉवर युनिटची अर्थ वायर न्यूट्रलला जोडून ठेवली असेल किंवा प्लास्टिकच्या पाण्याच्या नळाला बांधली असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावल्याशिवाय गन सुरू करू नका.

लाकडाचा किंवा प्लास्टिकचा जॉब रंगवायचा असेल तर त्याची तयारी वेगळी असते. नव्याने आलेल्याने अनुभवी माणूस शेजारी नसताना ते काम घेऊ नये.

चौथी पायरी: तुम्ही स्वतः आणि तुमचा मदतनीस

हाताच्या गनची मूठ धातूची किंवा वीज वाहणारी असते आणि केबलमधून ती जमिनीशी जोडलेली असते. तुमचा उघडा तळहात त्या मुठीला टेकतो तोवर तुम्हीही जमिनीशी जोडलेले असता. म्हणजे ती मूठ हीच तुमची अर्थिंग. हातात रबराचा मोजा चढवलात की ती वाट तुटली. हात खराब होतात म्हणून मोजे हवे असतील तर वीज वाहून नेणारे खास मोजे घ्या, नाहीतर तळव्याच्या जागी मोठं भोक पाडा म्हणजे कातडी मुठीला टेकेल. मुठीवर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय मी अनेकांची पाहिली आहे. ती काढून टाका.

दुसरी वाट पायांची. आपल्याकडे उन्हाळ्यात मुलं रबरी चपला घालून बूथमध्ये येतात. रबरी तळव्यातून चार्ज उतरत नाही. अँटीस्टॅटिक सेफ्टी शूज लागतात. आणि चांगले बूट असूनही जमीन साथ देईलच असं नाही. जमिनीवर रंगाचा थर साठला असेल, किंवा रंग सांडू नये म्हणून कोणी पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा कागद अंथरला असेल, तर महागडे बूट असूनही तुम्ही हवेत तरंगत असल्यासारखेच. पुठ्ठा अंथरण्यामागचा हेतू चांगला असतो, जमीन स्वच्छ राहावी म्हणून. त्याऐवजी जमीन रोज खरवडा.

मदतनिसाचा विचार कोणीच करत नाही. जॉब फिरवून देणारा, पुढचा जॉब लावणारा मुलगा गनपासून हातभर अंतरावर उभा असतो आणि त्याच्या हातात मूठ नसते. त्याचे बूट हीच त्याची एकमेव वाट. रंगारी चांगल्या बुटांत आणि मदतनीस स्लिपरमध्ये, असं चित्र दिसलं तर काम थांबवा. मदतनिसाचे बूट हा पहिला खर्च असला पाहिजे. बुटांसाठी वेगळा टेस्टर मिळतो, त्यावर उभं राहून तपासता येतं. माणसावर मेगर मात्र कधीही लावू नका.

कपडे सुती. नायलॉन, पॉलिस्टर नको. आणि बूथमध्ये उभं राहून जाकीट किंवा टी-शर्ट काढू नका, काढतानाच ठिणगी उडते. अंगठी, कडं, घड्याळ, खिशातला पाना, गळ्यातली चेन हे सगळं बाहेर.

पाचवी पायरी: आसपासच्या वस्तू

बूथमध्ये उभे राहा आणि सभोवार पाहा. धातूची जी जी वस्तू दिसते तिच्याविषयी एकच प्रश्न विचारा: ही जमिनीला कुठून जोडलेली आहे? रबरी चाकांची ट्रॉली, प्लास्टिकच्या पायांची शिडी, लाकडी फळीवर ठेवलेला रंगाचा डबा, कोपऱ्यात विसरलेली रिकामी बादली. उत्तर सापडत नसेल तर ती वस्तू बाहेर काढा, नाहीतर तिला क्लॅम्पची तार लावा. क्लॅम्पचे दात रंगाखालच्या धातूपर्यंत गेलेत का ते पाहा. रंगावर लावलेला क्लॅम्प शोभेचा.

आत थिनर लागेल तेवढंच ठेवा, एका पाळीपुरतं, झाकणाच्या धातूच्या डब्यात. पिंपातून डब्यात ओतताना पिंप आणि डबा एकमेकांना तारेने जोडा आणि दोन्ही जमिनीला. वाहणारं थिनर स्वतःच चार्ज तयार करतं, गन बंद असली तरीही.

पाण्यावर आधारित किंवा धातूची पूड असलेला रंग वीज वाहू देतो, त्यामुळे अशा यंत्रणेत नळीतला रंग आणि टाकीसुद्धा पूर्ण व्होल्टेजवर असू शकते. म्हणून ती टाकी जाळीच्या पिंजऱ्यात असते. त्या पिंजऱ्याचं दार ठरावीक पद्धतीने डिस्चार्ज केल्याशिवाय उघडू नका. आणखी एक: पंप किंवा गनमध्ये ॲल्युमिनिअमचे भाग असतील तर मिथिलीन क्लोराइडसारखी क्लोरीन असलेली सॉल्व्हंट त्यात घालू नका. बंद जागेत त्यांची ॲल्युमिनिअमशी क्रिया होऊन स्फोट होऊ शकतो.

सहावी पायरी: सुरू करण्याचा क्रम

पंखा. काही मिनिटं थांबा. मग हवा, मग रंगाचा दाब, आणि हाय व्होल्टेज सगळ्यात शेवटी. बंद करताना उलट: व्होल्टेज आधी, मग रंग, आणि पंखा शेवटची वाफ निघून जाईपर्यंत चालू. गन आणि जॉब यांत साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. नेमका आकडा तुमच्या गनच्या पुस्तकातून घ्या. भिंतीवर पक्क्या बसवलेल्या स्वयंचलित गन असतील तर जॉब आणि इलेक्ट्रोड यांत ठिणगी उडू शकते त्या अंतराच्या किमान दुप्पट अंतर राहिलं पाहिजे, आणि जॉब झोके घेत पुढे सरकला तरीही ते कमी होता कामा नये. लांब पाइप हुकावर गोल फिरतात, त्यांना दोन ठिकाणी टांगा.

सातवी पायरी: गन धुणं

आमच्या बूथमध्ये भडका उडाला तो रंगवताना नाही, गन धुताना. संध्याकाळची वेळ होती, गाडी मालासाठी दारात उभी, आणि मीच त्या मुलाला म्हटलं होतं, ‘लवकर रंग बदल.’ त्याने प्लास्टिकच्या बादलीत थिनर घेतलं आणि गन त्यात फवारली. व्होल्टेज बंद करायचं राहून गेलं. बादलीतून एक निळसर ज्वाळ उठली, त्याच्या हाताच्या केसांपासून भुवयांपर्यंत गेली आणि बादली वितळून पेटतं थिनर जमिनीवर पसरलं. जवळच्या आग विझवायच्या सिलिंडरने आग आटोक्यात आली. हाताला भाजलं, महिनाभर तो घरी होता. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं; गन कशी धुवायची हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं, आणि ते दाखवणं माझं काम होतं.

तर, गन धुण्याआधी व्होल्टेज पॉवर युनिटवरच बंद करा. गनच्या मुठीवरचं बटण पुरेसं समजू नका. मग इलेक्ट्रोडचं टोक जमिनीशी जोडलेल्या धातूला टेकवून उरलेला चार्ज उतरवा. रंगाचा दाब सोडा. धुताना बादली धातूची, तिला अर्थिंगचा क्लॅम्प, आणि गनचा धातूचा भाग बादलीच्या काठाला टेकलेला. पंखा चालू. दाब कमी, फवारा नको, धार हवी. आणि हे सगळं बूथच्या आत, बाहेरच्या मोकळ्या जागेत नाही. बाहेर वाफ ओढणारं काही नसतं.

प्लास्टिकची बादली का नको, याचं कारण सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं की लोक विसरतात. प्लास्टिकला क्लॅम्प लावला तरी उपयोग नाही. चार्ज प्लास्टिकमधून वाहतच नाही, तो जागीच बसून राहतो. आतलं थिनर धातूला टेकत नाही तोवर तेही सुटंच.

आठवी पायरी: साठलेला रंग, बोळे आणि पावडर

बूथच्या भिंतींवर, पंख्याच्या पात्यांवर, डक्टमध्ये सुकलेला रंग म्हणजे तयार इंधन. खरवडायला पितळेची पट्टी घ्या, लोखंडाची नको. खरवडलेला कचरा पाळी संपताच बाहेर. नायट्रोसेल्युलोजचा रंग आणि तेलावर सुकणारा रंग एकाच बूथमध्ये आलटून पालटून मारू नका. दोन्हींचे साठे एकत्र आले तर ते आपोआप तापून पेटू शकतात.

कापडाचे बोळे झाकणाच्या धातूच्या डब्यात, थोडं पाणी घालून. रात्रभर ढीग करून ठेवले तर तेलाचे बोळे आतून तापत जातात आणि पहाटे कोणी नसताना पेटतात.

पावडरचं थोडं वेगळं आहे. पावडर पेटायला थिनरपेक्षा मोठी ठिणगी लागते, म्हणून लोक बिनधास्त होतात. पण हवेत उडालेल्या पावडरचा स्फोट होतो. हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅमच्या पुढे गेलं की ती पेटू शकते; प्रत्येक पावडरचा आकडा तिच्या माहितीपत्रकात असतो आणि बूथमध्ये त्याच्या निम्म्याच्या खाली राहायचं असतं. तुळयांवर, पत्र्याखालच्या कैच्यांवर, दिव्यांच्या वर साठलेला नुसता १ मिलिमीटरचा थर घ्या. दर चौरस मीटरमागे ती अर्धा किलोहून जास्त पावडर होते. एखाद्या लहान भडक्याच्या धक्क्याने ती सगळी हवेत उडाली तर ३ मीटर उंच शेडमध्ये मर्यादेच्या कितीतरी पट. दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा होतो तो असा. म्हणून झाडू नाही, दाबाची हवा तर मुळीच नाही; जमिनीशी जोडलेला, धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूम क्लीनरच वापरा.

स्वयंचलित पावडर बूथमध्ये ज्वाळा ओळखणारा डिटेक्टर हवा. त्याने अर्ध्या सेकंदात ज्वाळा पकडून व्होल्टेज, पावडर आणि कन्व्हेयर थांबवायचे असतात, म्हणजे आग कार्ट्रिज फिल्टरपर्यंत ओढली जात नाही. त्याची काच पावडरने झाकली गेली तर तो आंधळा. रोज पुसा.

आग लागलीच तर

व्होल्टेज आणि रंगाचा पुरवठा तोडणारं एक लाल बटण बूथच्या बाहेर, हाताच्या उंचीवर असायला हवं. ते कुठे आहे हे डोळे मिटून सांगता येईपर्यंत गन हातात घेऊ नका. पंखा चालू ठेवायचा की बंद करायचा हे बूथच्या रचनेवर ठरतं. पावडरच्या बूथमध्ये तो बंद व्हायला हवा. पातळ रंगाच्या बूथचं आधी विचारून बटणाशेजारी मराठीत आणि गुजरातीत लिहून ठेवा. आग लागल्यावर ते विचारायला वेळ नसतो.

थिनरच्या आगीवर पाण्याची धार मारू नका, थिनर पाण्यावर तरंगत पसरतं. ड्राय पावडर, फोम किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) यांचा आग विझवायचा सिलिंडर वापरा. पावडरच्या साठ्यावर सीओटूचा जोरदार झोत थेट मारला तर पावडर हवेत उडते, म्हणून तिथे लांबून आणि हलक्या हाताने. सिलिंडर बूथच्या आत टांगू नका, बाहेर दाराशी ठेवा. पाठ नेहमी दाराकडे. एक सिलिंडर संपेपर्यंत आग विझली नाही तर बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

कोणाला भाजलं तर त्याला आधी बाहेर आणा, मग भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. अंगठी किंवा घड्याळ राहिलं असेल तर सूज यायच्या आत काढा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा आणि प्लॉट नंबरबरोबर एखादी ठळक खूणही सांगावी, कारण जीआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर नुसत्या प्लॉट नंबरवरून शेड शोधताना गाडीवाल्याचा वेळ जातो. एका माणसाला मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं करा.